क्लॅम्प वाकवायला किती टन लागतील?

भोसरीच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं झाली. नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काका, कुठल्या प्रेसवर लावू?" मी त्याच्या हातात मायक्रोमीटर देतो. आधी पट्टी चार जागी मोज.

समजा क्लॅम्पसाठी २ मिमी जाड, ४० मिमी रुंद एम.एस.ची (साध्या माइल्ड स्टीलची) पट्टी काटकोनात वाकवायचीय. पट्टी व्ही डायवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर ठेवून वरून पंचने दाबायची. डायचं तोंड जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिमी. टेन्साइलला, म्हणजे ताणून तुटेपर्यंत धातू दर चौरस मिमीला जेवढा जोर सोसतो त्याला, घडीच्या लांबीने आणि जाडीच्या वर्गाने गुणायचं, डायच्या तोंडाने भागायचं आणि शेवटी १.३३ ने गुणायचं. एम.एस.ची टेन्साइल ४०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली, तर ४०० × ४० × ४ ÷ १६ = ४०००. गुणिले १.३३, म्हणजे ५३२० न्यूटन. एक टन जोर म्हणजे ९८१० न्यूटन, त्याने भागलं की साधारण ०.५४ टन.

घडीच्या लांबीत बहुतेकजण चुकतात. पट्टी दीडशे मिमी लांब असली तरी तो आकडा इथे लागत नाही. जिथे घडी पडते ती रेघ मोजायची. आपल्या पट्टीत ती ४० मिमी आहे.

आणि जाडीचा वर्ग होतो, हे विसरू नका. त्याच डायवर २ ऐवजी २.२ ची पट्टी आली तर जोर २१ टक्के जास्त लागतो. हा झाला हवेतल्या बेंडचा हिशेब, म्हणजे पट्टी डायच्या तळाला टेकत नाही तेव्हाचा. पंच तळाला टेकवून कोपरा दाबायचा असेल तर पाच ते दहापट धरा. असल्याच तळाला टेकणाऱ्या टूलवर एकदा मी माल न मोजता लावला, आणि तो २.२ चा निघाला. दहा टनाचा पॉवर प्रेस खालच्या टोकाला जाम झाला. सोडवण्यात अर्धी शिफ्ट गेली, पंचही तडकला.

स्टेनलेस ३०४ असेल तर टेन्साइल ६०० धरतो. मग ह्याच पट्टीला ०.८१ टन येतात. एक टनाच्या हँड प्रेसवर एम.एस. आरामात होईल, पण स्टेनलेस मी त्यावर लावणार नाही. माल सर्टिफिकेटपेक्षा कडक निघाला तर हाताशी काहीच उरत नाही.

पॉवर प्रेस निवडताना पाटीवरच्या टनांवर जाऊ नका. तेवढा जोर तळाच्या अगदी जवळच मिळतो, आणि बेंडला सगळ्यात जास्त जोर लागतो तेव्हा रॅम (पंच धरून खाली-वर होणारा प्रेसचा भाग) अजून वरच असतो.