हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर: लो रेंज कधी, हाय कधी?

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरची चाकं पंपाच्या तेलाच्या दाबावर फिरतात, वेग पेडलनं ठरतो; लो, मधली, हाय या रेंज म्हणजे गिअरचे टप्पे. सोलापूरच्या काळ्या रानात रोटाव्हेटर, लोडर किंवा भरलेली ट्रॉली असेल तर लो रेंजच लावा. उतारावरही लोच, ट्रॅक्टर ताब्यात राहतो. पेडल जास्त दाबलं की ताकद वाढते, हा मोठा गैरसमज. वाढतो तो वेग, ओढ उलट कमी होते. म्हणून ट्रॅक्टर अडून पंप कण्हू लागला तर पेडल थोडं सोडा. तरीही ओढत नसेल तर पूर्ण थांबूनच खालची रेंज टाका. चालत्या ट्रॅक्टरात लिव्हर ओढला तर गिअरचे दात जातात.

रोटाव्हेटरला इंजिन इतकं चालवा की पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्या घेईल, वेग पेडलनं सांभाळा. डाळिंबाच्या बागेत गवत कापायला मधली रेंज, हाय फक्त मोकळ्या रस्त्याला. हायमध्ये जड काम रेटलं की रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडून तेल तापतं, मे महिन्यात तर फारच लवकर.