चित्राची किंमत ठरवताना आधी कागदावर हिशेब मांडा

“हे कितीला?” असं कुणी विचारलं की आपण गडबडतो आणि तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळे होतो. बहुतेक वेळा तो कमीच असतो. म्हणून चित्र भिंतीवर लावण्यापूर्वीच किंमत ठरलेली हवी.

१८ × २४ इंचांचं ॲक्रिलिक चित्र घेऊ. कॅनव्हास, रंग, वॉर्निश, झिजलेले ब्रश मिळून १,४०० रुपये धरा. मग तास मोजा. तासाला २५० रुपयांनी २० तासांचे ५,००० होतात. कच्च्या रेखाटनांत गेलेले तासही यात आले पाहिजेत. ते कुणी धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एकूण ६,४०० झाले.

याला ४३२ चौरस इंचांनी भागलं की दर साधारण १५ रुपये येतो, आणि चित्राचे ६,४८० होतात. पुढच्या चित्रांनाही हाच दर लावा. एखादं चित्र आपलं लाडकं आहे म्हणून त्याच मापाच्या दुसऱ्यापेक्षा महाग ठेवू नका, ग्राहकाला त्याचं कारण कळत नाही.

लहान चित्रांना मात्र हा दर मारक ठरतो. ६ × ८ इंचांचे जेमतेम ७२० रुपये येतात! तिथे लांबी-रुंदीची बेरीज धरा. मोठ्या चित्राची बेरीज ४२, म्हणजे इंचाला सुमारे १५४ रुपये. लहानाची १४, म्हणून किंमत २,१५६.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गॅलरीच्या कमिशनमध्ये. समजा १,८०० ची फ्रेम धरून तुम्हाला ८,२८० हातात हवेत आणि कमिशन ४० टक्के आहे. पुष्कळजण ८,२८० वर ४० टक्के चढवून ११,५९२ लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं, त्यामुळे हातात ६,९५५ च पडतात. ८,२८० ला ०.६ ने भागा: १३,८००. घरून विकतानाही किंमत हीच ठेवा, नाहीतर गॅलरीचा विश्वास जातो. नातेवाइकांना सूट द्यायची तर बिलावर मूळ किंमत लिहून मग सूट दाखवा.

कुणी सांगून पोर्ट्रेट करून घेत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. तयार चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. त्याच्या प्रिंट विकायच्या असतील, तर आगाऊ रक्कम घेतानाच तसं लिहून घ्या.