युद्धाच्या बातम्या बघून जीव कासावीस होत असेल तर काय करायचं

रात्री झोपताना जरा इन्स्टा बघू म्हणून फोन हातात घ्यायचा आणि दीड वाजेपर्यंत गाझातले ढिगारे, युक्रेनमधल्या जळलेल्या इमारती, रडणारी लेकरं एकामागून एक बघत बसायचं, मग झोप उडते ती उडतेच. वर परत अपराधी वाटतं, की आपण इथे पंख्याखाली गादीवर आडवे आणि आपल्याला कसला आलाय त्रास! तर आधी ते अपराधीपण जरा बाजूला ठेवा, कारण त्रास खराच होतो. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले त्यानंतर अमेरिकेत साडेचार हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली होती, त्यात असं दिसलं की पुढच्या आठवड्यात रोज सहा-सहा तास त्याच बातम्या बघत बसलेल्यांना ताणाची लक्षणं जास्त होती, अगदी स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त. म्हणजे लांब बसून नुसतं बघणं ही काही बिनधोक गोष्ट नाही.

सुरुवात फोनपासून करा. व्हॉट्सॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा मध्ये जा, तिथे मीडिया ऑटो डाउनलोड असतं, त्यातले फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बंद करून टाका. मग फॅमिली ग्रुपवर कुणी काहीही टाकलं तरी ते धूसर चौकोन म्हणूनच राहतं, बघायचं की नाही ते तुम्ही ठरवणार. न्यूज ॲपची नोटिफिकेशन्सही बंद. बातम्या अजिबात सोडा असं मी म्हणत नाहीये, ते मला स्वतःलाही पटत नाही, पण वेळ ठरवा, सकाळी चहा झाल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा, पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. जेवताना नाही आणि अंथरुणात तर नाहीच. आणि शक्यतो वाचा, व्हिडिओ बघू नका. वाचताना नको वाटलं तर थांबता येतं, रील आपल्याला विचारून सुरू होत नाही.

टीव्हीचं काय करायचं हा अवघड प्रश्न आहे, कारण रिमोट बाबांकडे. "बाबा, बंद करा ते" म्हटलं की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा "बाबा, जेवण होईपर्यंत आवाज बंद ठेवू या का" एवढंच म्हणून बघा, अर्धा ताण तर त्या अँकरच्या ओरडण्याचा आणि मागच्या ढॅण-ढॅण म्युझिकचाच असतो. तरी ऐकलं नाही तर मे २०२५ ची आठवण करून द्या, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना काही चॅनेलांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि तसं काही झालंच नव्हतं.

फॉरवर्डचंही तेच. एखादं विमान पाडल्याचा व्हिडिओ काकांनी टाकला की छातीत धस्स होण्याआधी त्यातल्या एका फ्रेमचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर टाका, तेच चित्र आधी कुठे आलं असेल तर ते तिथे सापडू शकतं. आर्मा ३ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे, त्यातले सीन इतक्या वेळा खऱ्या युद्धाचे म्हणून फिरले की २०२२ मध्ये ती गेम बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा करावा लागला. काकांना ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगू नका, वेगळा मेसेज करा, "काका, हा गेमचा दिसतोय, बघा जरा", नाहीतर नवीनच युद्ध सुरू व्हायचं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. आपल्याला होणारा त्रास युद्ध केवढं आहे यावर ठरत नाही, फीडमध्ये काय येतं यावर ठरतो. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, एक कोटीहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली, आणि तुमच्या-माझ्या फोनवर ते किती दिसलं? जवळजवळ नाहीच. त्यासाठी कुणाची झोप उडाली नाही. म्हणून फीड बंद केलं की आपण त्या माणसांकडे पाठ फिरवली असं मुळीच होत नाही, त्यांच्यासाठी आपण काय करायचं हे फक्त त्या ॲपने ठरवायचं बंद होतं.

मग करायचं काय? एकच विषय निवडा आणि तो नीट समजून घ्या. नकाशा उघडा. गाझा पट्टी साधारण ४१ किलोमीटर लांब, म्हणजे चर्चगेटपासून भाईंदरच्या अलीकडेपर्यंत, आणि रुंदीला सहा ते बारा किलोमीटर, त्यात वीस लाखांहून जास्त माणसं. हे एकदा डोक्यात बसलं की एकेक बातमी कुठे बसवायची ते कळतं. दुसरं म्हणजे पैसे. झेपेल तेवढी रक्कम ठरवून एखाद्या खात्रीच्या मदत संस्थेला द्या, रील बघून रडू आलं की क्यूआर कोड स्कॅन असं करू नका, त्यात फसवाफसवी फार.

आणि पुण्यात राहत असाल तर आजूबाजूला बघा. सुदान, येमेन, अफगाणिस्तानची पोरं इथे कॉलेजात शिकतात. घरून पैसे येत नाहीत, घरमालक भाड्यासाठी मागे लागलेला, व्हिसाचे कागद अडकलेले. त्यांना युद्धावर तुमचं मत नकोय, "घरी बोलणं झालं का?" एवढं विचारा, भाडेकरार वाचायला मदत करा, जेवायला बोलवा. आपल्याकडे हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बायका-मुलंच जास्त, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून काही वर्षं राहिले होते. युरोपातलं युद्ध काही कोल्हापुरातून थांबणार नव्हतं, पण त्या लोकांना राहायला जागा मिळाली.

घरात लहान मूल असेल तर "इथे पण बॉम्ब पडणार का" हा प्रश्न येतोच. "गप्प बस, काही नाही होत" म्हणू नका, आधी त्याने काय ऐकलंय ते विचारा, बऱ्याचदा शाळेत कुणीतरी भलतंच सांगितलेलं असतं. मग ते युद्ध किती लांब चाललंय ते त्याला नकाशावर दाखवा.

हे सगळं करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष नसेल, तर टेलि मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. "बातम्या बघून त्रास होतोय" हे कारण सांगायला लाजू नका.