चौथीतलं मूल वाचताना अडखळतंय? वर्गात हे करून बघा

तिसरी-चौथीच्या वर्गात दोन-चार मुलं तरी अशी असतातच, समूहवाचनात ओठ हलवतात पण एकट्याला पुस्तक दिलं की अडतात, आणि बऱ्याचदा आपल्याला ते परीक्षेतच कळतं. म्हणून आधी प्रत्येकाला एकटं बाजूला घेऊन तपासा. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातली पद्धत पुरेशी आहे, अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडलं तो त्याचा गट, इयत्ता काहीही असो. शिक्षणात काम करणारी 'प्रथम' संस्था हेच करते, दिवसातला थोडा वेळ मुलांना पातळीनुसार बसवायचं. पण अधूनमधून परत तपासून गट बदला, नाहीतर 'कच्चा' हा शिक्का बसतो तो निघत नाही.

अक्षरांच्या गटाला अख्खी बाराखडी पाठ करायला लावून महिने घालवू नका प्लीज. म, क, न, ल आणि काना एवढं आलं की लगेच मका, नाक, कान, काम, लाल वाचायला द्या. आपण स्वतः शब्द वाचला हे मुलाला लवकर कळायला हवं, त्यावरच पुढचा सगळा उत्साह टिकतो.

मराठीत खरी गोची जोडाक्षरांची, त्यातही र ची. सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या, एकच र आणि चार रूपं! सगळी एका दिवसात उरकू नका. एक रूप घ्या, मग पेपरातून, एसटीच्या पाटीवरून, बिस्किटाच्या पुड्यावरून तसे शब्द शोधून आणायला सांगा.

परिच्छेदवाल्यांसाठी एकच उतारा परत परत. आधी तुम्ही हावभावासह वाचा, मग सगळे मिळून, मग जोडीजोडीने एकमेकांना. सगळं लक्ष अक्षर जुळवण्यात गेलं की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, म्हणून हा सराव लागतोच. मूल अडलं तर लगेच शब्द सांगू नका, तीन-चार सेकंद थांबा, बरेचदा ते स्वतःच काढतं.

आणि रोज दहा मिनिटं तुम्ही त्यांना गोष्ट वाचून दाखवाच, त्यांच्या पातळीपेक्षा थोडी अवघड चालेल. मध्येच थांबून विचारा, आता काय होईल, तो असा का वागला असेल? उत्तर अहिराणीत येवो, कोरकूत येवो, येऊ द्या, अर्थ लागलाय ना ते महत्त्वाचं. 'धड्यातलं वाक्य सांग' म्हटलं की विचार तिथेच थांबतो.

पुस्तकं नाहीत ही अडचण खरी आहे, पण बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, 1971 पासूनचे, आणि स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर पातळीनुसार मराठी गोष्टी मिळतात. प्रिंट काढा, मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर दोरीला लावा, घरी न्यायलाही द्या. फाटली तर फाटू देत, परत काढता येतात.