पुण्यात बाळाचा विचार करताय? मग आधी तारखा लिहून काढा, रक्कम नंतर

आमच्याकडे लग्नानंतर दोन वर्षांनी "आता विचार करा" सुरू झालं आणि आम्ही केला पण विचार, फक्त पैशाचा नीट केला नाही. नवरा चाकणला कंपनीत, मी कर्वे रोडला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, धायरीच्या फ्लॅटचा हप्ता चालू, म्हटलं बाळंतपणाला लाखभर लागतील, ठेवू बाजूला. लागले त्याच्या तिप्पट. आणि नंतर वही घेऊन बसले तेव्हा कळलं की त्यातले निम्मे पैसे फक्त कुठलीतरी एक तारीख आम्हाला माहीत नव्हती म्हणून गेले. आता जाऊबाईंच्या बहिणीपासून ऑफिसातल्या मुलींपर्यंत सगळ्या विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

पहिली तारीख पॉलिसीची, आणि ती लग्नाच्याच वर्षी बघायची. स्वतः काढलेल्या हेल्थ पॉलिसीत मॅटर्निटी, म्हणजे बाळंतपणाचा खर्च, धरलेली असली तरी तिला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ गेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, कुठे नऊ महिने, कुठे दोन वर्षं, कुठे त्याहून जास्त. आमचा एजंट म्हणाला होता "आहे ना मॅडम मॅटर्निटी", आणि होतीच, पण दोन वर्षांनंतर. मला दिवस गेले तेव्हा पॉलिसीला चौदा महिने झाले होते. शेवटी नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी कामाला आली, तिच्यात बहुतेक वेळा वेटिंग नसतं, पण नॉर्मल आणि सिझेरियनला किती देणार याची वेगळी मर्यादा असते आणि ती एकूण कव्हरपेक्षा फारच कमी असते. कव्हर पाच लाख दिसतं, बाळंतपणाला मिळतात पन्नास हजार ते पाऊण लाख. एचआरला मेल टाकून तीन गोष्टी लेखी मागवा: मर्यादा किती, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि बायकोचं नाव पॉलिसीत चढलंय का. हे तिसरं हसण्यावारी नेऊ नका, बऱ्याच कंपन्यांत लग्नानंतर ठरावीक दिवसांतच नाव घालता येतं, नाहीतर थांबा पुढच्या रिन्युअलपर्यंत.

आता ज्यांना दिवस राहायला वेळ लागतोय त्यांच्यासाठी, कारण आम्ही पण त्यातून गेलोय. वर्षभर प्रयत्न करून झालं नाही तर डॉक्टरकडे जायचं, आणि बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जायचं, "बघू अजून" करत बसायचं नाही. आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याची वीर्य तपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे, आमच्या वेळी हजाराच्या आत झाली, पण आपल्या घरांमध्ये आधी बाईच्या सगळ्या तपासण्या, सोनोग्राफ्या, नवस, उपास होतात आणि पुरुषाची तपासणी सगळ्यात शेवटी. माझी आठ महिने औषधं चालू होती, खर्च तीस हजारांच्या वर, आणि मग कळलं की अर्धा प्रश्न त्याच्या रिपोर्टमध्ये होता. त्याचं त्याला पण फार वाईट वाटलं, पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं ना.

आययूआय, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडायचा उपचार, आमच्या दोन झाल्या, एकेक साधारण पंधरा हजारांत गेली, दुसरीला यश आलं. आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची, वेळ आली तर कुठलंही पॅकेज ऐकलं की लगेच विचारा की इंजेक्शनं यात आहेत का, भूल आहे का, गर्भ गोठवून ठेवायचे वर्षाचे पैसे वेगळे का, आणि गोठवलेला गर्भ परत सोडायचे किती. मैत्रिणीला दीड लाख सांगितले होते, इंजेक्शनं धरून सव्वादोनच्या वर गेलं, आणि ते एका सायकलचं, म्हणजे एका प्रयत्नाचं. बहुतेक पॉलिश्यांत हे धरत नाहीत हे गृहीत धरूनच चाला. या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार क्लिनिकला नोंदणी लागते, सर्टिफिकेट भिंतीवर दिसलं नाही तर मागा, लाजायचं काही कारण नाही. उपचाराला वयाची मर्यादा पण त्याच कायद्यात आहे, बाईला ५० आणि पुरुषाला ५५.

कर्ज काढून तिसरी-चौथी सायकल करायच्या आधी दत्तकचा विचार एकदा दोघांनी शांतपणे बसून करावा असं मला मनापासून वाटतं. नोंदणी कारा, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर ऑनलाइन होते, लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत चालते. पुण्यात ससूनच्या आवारातलं सोफोशचं श्रीवत्स आणि भारतीय समाज सेवा केंद्र या जुन्या संस्था आहेत. फी सरकारने ठरवलेली असते, होम स्टडीला, म्हणजे समाजसेवक घरी येऊन चौकशी करतात त्याला, ६,००० रुपये, बाकी सगळं धरूनही एका आयव्हीएफ सायकलपेक्षा बरंच कमी. पैसे कमी लागतात पण वेळ फार लागतो, काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून नोंदणीची तारीख लवकर असलेली बरी. उपचार चालू असताना पण नाव घालून ठेवता येतं.

दिवस राहिले की हॉस्पिटल. इथे सगळे विचारतात "डिलिव्हरीचे किती?" आणि समोरून एक आकडा येतो. तो आकडा खोलीवर असतो. जनरल वॉर्ड, सेमी, सिंगल, डिलक्स, जशी खोली चढते तशी नुसती खोली महाग होत नाही, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच चढतं. वरून पॉलिसीत खोलीची मर्यादा असेल तर कात्री तिथेही लागते. समजा मर्यादा रोजची ४,००० आणि तुम्ही घेतली ६,००० ची, तर फक्त वरचे दोन हजार तुमच्या खिशातून जातात असं नाही, डॉक्टर फी वगैरे सगळ्यातलाच एक तृतीयांश कंपनी कापू शकते. आम्ही सिंगल घेतली कारण सासूबाई रात्री थांबणार होत्या, आणि त्या बिचाऱ्या तीन रात्री सोफ्यावर बसूनच होत्या. सातव्या महिन्यात बिलिंग काउंटरला जाऊन तुमच्या खोलीचा अंदाज नॉर्मल आणि सिझेरियन दोन्हीचा कागदावर घ्या. दरपत्रक लावणं महाराष्ट्रात नर्सिंग होमना बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच नको. आमच्या ओळखीत मधल्या दर्जाच्या नर्सिंग होममध्ये नॉर्मल साठ-सत्तर हजारांत आणि मोठ्या हॉस्पिटलात सिझेरियन दीड-दोन लाखांपर्यंत गेलेलं आहे.

ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी आधीच ठरवून महापालिकेच्या कमला नेहरू, सोनवणे, किंवा ससून, औंध जिल्हा रुग्णालय, पिंपरीत वायसीएम इथे नाव नोंदवावं. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट आहे, आजारी बाळाचे उपचार पण वर्षभरापर्यंत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय आणि रजेतला पगार दोन्ही तुमच्या हक्काचं आहे.

मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांबद्दल फार कमी लोकांना माहितीये. केईएम, रुबी, जहांगीर, दीनानाथ अशी जी ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा गरिबांना फुकट आणि १० टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर फुकटात बसता, ३,६०,००० पर्यंत असेल तर सवलतीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो आणि तो कळा सुरू झाल्यावर मिळत नाही, म्हणून पाचव्या महिन्यातच काढून ठेवा आणि हॉस्पिटलातल्या समाजसेवकाला आधी भेटून या. तातडीच्या वेळी अनामत रक्कम भरल्याशिवाय घेत नाही असं म्हणता येत नाही, २०२५ मध्ये पुण्यात यावरूनच केवढा संताप झाला होता ते आठवत असेल.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेचं मातृवंदना योजनेचं काम मी स्वतः बसून केलं म्हणून खात्रीने सांगते. पहिल्या बाळाला ५,००० दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे अर्ज, बाळ झाल्यापासून २७० दिवसांच्या आत. सुनेचे पैसे अडकले कारण आधारला जोडलेलं खातं माहेरच्या बँकेतलं बंद पडलेलं होतं. ते आधी तपासा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असेल तर लेक लाडकी मध्ये जन्मावेळी ५,००० पासून अठरा पूर्ण होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० मिळतात.

रजेचं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या तारखेच्या आधी घेता येतात. मुख्य अट ही, डिलिव्हरीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्याच ठिकाणी ८० दिवस काम झालेलं पाहिजे. म्हणजे नोकरी बदलायची असेल तर हा हिशोब आधी करा. गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, माझ्या ऑफिसातली मुलगी चौथ्या दिवशी कामावर येऊन बसली होती कारण तिला कोणी हे सांगितलंच नाही. खाजगीत बापाची रजा मात्र कंपनीच्या मनावर, म्हणून नवऱ्याने सहा महिने आधीपासून सुट्ट्या साठवायच्या.

आता ज्याचं बजेट कोणीच करत नाही ते. माझी मुलगी चौतिसाव्या आठवड्यात झाली, नऊ दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. रोज सकाळी अकराला नवऱ्याच्या हातात आजपर्यंतच्या बिलाचा कागद यायचा आणि मी आत सिरिंजमध्ये पाच मिली दूध भरून सिस्टरकडे द्यायचे, आदल्या दिवशी तीन आलं होतं आज पाच आलं याचा आनंद एवढा की तो कागद त्याने मला घरी येईपर्यंत दाखवलाच नाही. डिलिव्हरीपेक्षा ते बिल मोठं होतं. म्हणून लाखभर रुपये असे ठेवा की जे रात्री दोनला पण काढता येतील, एफडी मोडायची वाट बघायला नको. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा की महात्मा फुले योजनेत बाळाचं बसतं का, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दूध येत नसेल तर ससूनला मानवी दुग्धपेढी आहे, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

घरी आल्यावरचा खर्च त्यामानाने हातात राहतो. झबली, लंगोट, दुपटी तुळशीबागेतून घ्या आणि थोडीच घ्या, बारशाला ढिगाने येतात आणि दोन महिन्यांत लहान होतात. मालिशवाल्या मावशी, डिंकाचे लाडू, अळीव, याला नाही म्हणू नका, बाळंतिणीला त्या दोन महिन्यांत हात लागतोच. पाळणा उसना घ्या. लसी महापालिकेच्या दवाखान्यात फुकट आहेत आणि चांगल्या आहेत, आम्ही काही तिथे आणि काही बाहेर घेतल्या. बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारलं की यातल्या कुठल्या सरकारीत मिळतात, त्यांनी यादीवर खुणा करून दिल्या.

पाळणाघर हा खरा लांबचा खर्च, रजा संपल्यावर सुरू होतो आणि वर्षानुवर्षं चालतो. आमच्या भागात महिन्याला आठ-दहा हजार, जरा मोठं नाव असलं की अजून. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय द्यावी लागते, एचआरला पत्र द्या, माझ्या ऑफिसने निदान अर्धी फी द्यायला सुरुवात केली ती चार जणींनी मिळून सही केली म्हणून. चांगल्या ठिकाणी जागा आधीच भरतात, तेव्हा रजेच्या चौथ्या महिन्यातच नाव घाला.

आणि दोन कागद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते, हॉस्पिटल करतं, पण डिस्चार्जच्या आधी आईबापाच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का ते स्वतः वाचा, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला चालतो. नाव ठरत नसेल तर आत्याबाईंचं आणि आजीचं एकमत होईपर्यंत थांबू नका, नावाशिवाय नोंद होते आणि वर्षभरात नाव फुकट घालता येतं. तो दाखला हातात आला की त्याच दिवशी फोटो काढून एचआरला आणि पॉलिसीवाल्यांना मेल करा, बऱ्याच पॉलिश्यांत बाळाचं नाव ९० दिवसांत चढवावं लागतं. आमचं ८६ व्या दिवशी चढलं.