एम.एस्सी.ला सेल सिग्नलिंग घेताय? न्यूक्लिअर एन्व्हलपकडे (केंद्रकपटलाकडे) बघा, माझा अनुभव

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोडाऊनला हमाली करायचे, सीझनला धुरळा इतका की रात्री घरी आले की छाती वाजायची, डॉक्टरांनी पंपासोबत मॉन्टेल्युकास्टची गोळी दिलेली, झोपताना एक. मेडिकलमधून ती कितीदा आणली असेल मी, पण ती नेमकं काय अडवते हे कळलं एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आणि तिथूनच या विषयाच्या मागे लागलो.

बी.एस्सी.ला आपल्याला काय सांगतात, केंद्रकाभोवती दुहेरी पटल, त्याला छिद्रं, आत डीएनए, संपलं. सिग्नलिंग, म्हणजे पेशींचे रासायनिक निरोप, म्हटलं की सगळं लक्ष पेशीच्या बाहेरच्या मेंब्रेनवर. पण दम्यातलं ल्युकोट्राईन, म्हणजे श्वासनळी आवळणारं रसायन, मुख्यतः बनतं ते या केंद्रकपटलावर! पेशीत कॅल्शियम वाढलं की सायटोसोलिक फॉस्फोलायपेज ए२ हे एन्झाइम तिथं येऊन चिकटतं आणि पटलातल्याच लिपिडमधून ॲराकिडोनिक ॲसिड तोडतं. त्या ॲसिडपासून ल्युकोट्राईन बनवायला सुरुवात करणारं एन्झाइम, ५-लायपॉक्सिजनेज, तेपण तिथंच धावतं, आणि फ्लॅप नावाचं प्रोटीन, जे आधीपासून पटलात रुतलेलं असतं, ते हे ॲसिड लायपॉक्सिजनेजच्या हातात देतं, पुढचं एन्झाइम एलटीसी४ सिंथेज, जे ल्युकोट्राईन सी४ बनवतं, तेही तिथलंच. मग माल पेशीबाहेर जातो, श्वासनळीच्या स्नायूवरच्या रिसेप्टरला लागतो आणि नळी आवळते. अण्णांची गोळी तो रिसेप्टर अडवते, झाइल्युटॉन हे दम्याचं दुसरं औषध मात्र थेट ५-लायपॉक्सिजनेजलाच थांबवतं. आणि नुसतं कॅल्शियम नाही, पेशी दाबली गेली आणि पटल ताणलं तरी हे फॉस्फोलायपेज जागं होतं, २०२० मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये यावर दोन पेपर आले, ते वाचाच.

म्हणून नवीन मुलामुलींना सांगतो, सगळे पाथवे पाठ करत बसू नका, एक एन्झाइम धरा, त्याची वाट वहीत काढा आणि प्रत्येक बाणाखाली ते कुठं घडतं ते लिहा.

प्रॅक्टिकलचं एक सांगायलाच पाहिजे, कारण माझे दोन आठवडे त्यात गेले. लॅमिनची (केंद्रकपटलाच्या आतून अस्तरासारखं असणारं प्रोटीन) अँटीबॉडी लावली, मायक्रोस्कोपखाली डॅपीचे, म्हणजे डीएनए रंगवणाऱ्या रंगाचे, निळे गोळे दिसतात पण लॅमिन काहीच नाही. अँटीबॉडी खराब समजून मी परत परत तेच करत होतो. चूक डिजिटोनिनची होती, अँटीबॉडी आत जावी म्हणून आधी लावतात ते डिटर्जंट, ते कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या पेशीच्या बाहेरच्या मेंब्रेनला भोकं पाडतं पण केंद्रकपटल शाबूत ठेवतं, आणि लॅमिन तर आतल्या बाजूला, मग अँटीबॉडी पोचणार कशी? ट्रायटन, म्हणजे केंद्रकपटलालाही भोकं पाडणारं डिटर्जंट, वापरलं आणि प्रत्येक निळ्या गोळ्याभोवती बारीक हिरवं कडं उमटलं. तेव्हापासून मी दोन्ही स्लाइड मुद्दाम बनवतो, एक डिजिटोनिनची एक ट्रायटनची, एन्झाइम पटलाच्या कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज त्यावरूनच येतो.