कोरियन चिमुकल्यांना इंग्रजी शिकवताय? या चुका टाळा

सोल असो, बुसान असो की देगू. तिथल्या हॅगवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये, नव्याने रुजू झालेल्या परदेशी शिक्षकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. एक तर मुलं बोलतच नाहीत, नाहीतर मुलं ऐकतच नाहीत. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा मुलांमध्ये नसतं. शिक्षक इंग्रजीची तयारी करून येतात, समोर बसणाऱ्या मुलाची करत नाहीत.

वयाचा हिशेब चुकतो

हातात ‘सात वर्षांचा वर्ग’ अशी यादी पडली की आपल्या डोळ्यांसमोर दुसरीतली मुलं येतात. तसं नसतं. कोरियातल्या जुन्या पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढतं. जून २०२३ पासून कायद्याने आंतरराष्ट्रीय वय लागू झालं, तरी बालवाडीच्या वर्गांची नावं अजून जुन्याच हिशेबाने चालतात. मार्चमध्ये वर्ष सुरू होतं तेव्हा या ‘सात वर्षांच्या’ वर्गातलं डिसेंबरचं मूल जेमतेम सव्वापाच वर्षांचं असतं, आणि शेजारी बसलेलं जानेवारीचं मूल त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं. एकाला पेन्सिल नीट धरता येत नाही, दुसरा ओळी लिहून मोकळा होतो. धाकट्याला ‘कच्चा’ ठरवण्याआधी सगळ्यांच्या जन्मतारखा मागून घ्या. पहिल्याच आठवड्यात.

हाक मारताना

कोरियन नावात आडनाव आधी येतं. ‘किम’ अशी हाक मारलीत तर अर्धा वर्ग वर बघेल. क्लासने मुलांना इंग्रजी नावं दिलेली असतात, ती वापरायला हरकत नाही. पण पडून रडणारं मूल स्वतःच्या खऱ्या नावालाच लवकर शांत होतं, म्हणून ते पाठ हवं. मुलं तुम्हाला ‘टीचर, टीचर’ म्हणतील. नावाने हाक मारा म्हणून त्यांना शिकवत बसू नका. शिक्षकांना नावाने हाक मारणं तिथे उद्धटपणाचं आहे. ‘सनसेंगनिम’ म्हणायची सवय इंग्रजीत ‘टीचर’ होऊन येते. ‘बाई’ म्हणत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये. मुलाचं नाव लाल पेनाने लिहू नका, त्याचा संबंध मृत्यूशी जोडतात. जवळ बोलावताना तळहात वर करून बोट हलवू नका. तसं कुत्र्याला बोलावतात. तळहात खाली ठेवून बोलवा.

‘येस’ म्हणजे कळलं असं नाही

‘समजलं का?’ असं इंग्रजीत विचारा, सगळा वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणेल. ‘हाऊ आर यू’ म्हटलंत की पाठ केलेलं ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू’ येईल, मग त्या मुलाला ताप का असेना. ही उत्तरं ऐकून पुढचं पान उलटणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्यापेक्षा करायला सांगा: निळी पेन्सिल खुर्चीखाली ठेव, पुस्तक मित्राच्या डोक्यावर धर. कोणाला कळलं, कोण शेजारच्याकडे बघून करतंय, हे लगेच दिसतं.

रागावल्यावर मूल मान खाली घालून गप्प उभं राहतं. ‘माझ्याकडे बघ’ म्हणून त्याची हनुवटी वर करणारे शिक्षक असतात, त्यांना वाटतं मूल काही लपवतंय. ते फक्त मोठ्यांचा मान राखत असतं. सगळ्यांसमोर एकट्याला उभं करून उत्तर विचारणंही लहान वर्गात टाळाच. आधी जोडीत कुजबुजू द्या, हातात बाहुली द्या, मग विचारा. चुकलं तर बाहुली चुकली.

उच्चार: इथे घाई नको

कोरियन मूल ‘स्ट्राइक’ म्हणतं तेव्हा ‘सु-तु-रा-इ-कु’ अशी पाच अक्षरं ऐकू येतात. हा आळशीपणा नव्हे. त्याच्या भाषेत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक व्यंजनामागे एक छोटा स्वर चिकटतो. शब्दाच्या शेवटी ‘च’ किंवा ‘श’ही सुटा राहत नाही, म्हणून ‘लंच’चं ‘लंची’ आणि ‘फिश’चं ‘पिशी’ होतं. पुन्हा पुन्हा ‘नो, नो’ म्हणून ते सुटत नाही. टाळी वापरा: ‘स्ट्राइक’ला एकच टाळी. पाच अक्षरं एका टाळीत बसत नाहीत हे मुलाच्या हातालाच कळतं, आणि मधले स्वर आपोआप गळायला लागतात.

मुलाच्या वहीत वाकून बघा. इंग्रजी शब्दाखाली बारीक अक्षरात हंगुल, म्हणजे कोरियन लिपीत, उच्चार लिहिलेला सापडेल. चूक तिथेच रुजते. हंगुलमध्ये ‘फॅन’ आणि ‘पॅन’ अगदी एकसारखे लिहिले जातात, तेव्हा मूल ते एकसारखेच वाचणार. खोडरबर घेऊन धावू नका, आधी स्वतः हंगुल शिका. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेल्या या लिपीत आज चोवीस मूलभूत अक्षरं आहेत. स्वर-व्यंजन जोडून अक्षर बनवायची तिची रीत बाराखडीवर वाढलेल्यांना पटकन उमगते. ती वाचता आली की कुठल्या मुलाचा कुठला आवाज का अडतोय ते वहीतच दिसतं.

‘फ’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवा, मुलांच्या हातात छोटा आरसा द्या. मराठी शिक्षकांनी आधी स्वतः आरशात बघावं: आपला ‘फ’ अनेकदा दोन्ही ओठ मिटून निघतो, आणि ‘व्हेस्ट’ व ‘वेस्ट’ आपण एकाच ‘व’ने उरकतो. ‘व्हेरी’चं ‘बेरी’ करणाऱ्या मुलाला फरक ऐकवायचा तर तो आपल्या तोंडून आधी निघायला हवा. ‘र’ आणि ‘ल’ कोरियन लिपीत एकाच अक्षरात बसतात. तिथे बोलायला लावण्याआधी काही आठवडे फक्त ऐकून लाल किंवा पिवळं कार्ड उचलायचा खेळ खेळा.

मुलाने ‘शार्प’ मागितलं तर चाकू शोधू नका, त्याला खटका पेन्सिल हवी आहे. ‘नोटबुक’ म्हणजे लॅपटॉप, ‘हँडफोन’ म्हणजे मोबाइल. हसू नका, योग्य शब्द सहज परत म्हणा आणि पुढे चला.

खेळ आणि थकवा

आधी कोण, यावरून भांडण झालं तर ‘कावी-बावी-बो’, म्हणजे दगड-कागद-कात्री. त्याचा निकाल सहसा सगळे मानतात. पण एकेकाला बाद करत जाणारे खेळ पाच वर्षांच्या मुलांना रडवतात. गट करून गुण द्या.

दुपारी येणारं मूल तायक्वांदो, पियानो आटपून आलेलं असू शकतं. नावाजलेल्या इंग्रजी क्लासांच्या प्रवेश परीक्षेला तिथे ‘सात वर्षांची गोशी’ म्हणतात. एकेकाळी बड्या सरकारी परीक्षांसाठी असलेला शब्द आता बालवाडीतल्या मुलांना लागलाय. मला हे मुलांवर अन्यायाचं वाटतं. पालकांचं मन बदलणं तुमच्या हातात नसेल, पण पहिली पाच मिनिटं गाण्याला देणं नक्की आहे. सरकारी शाळेत इंग्रजी १९९७ पासून तिसरीपासून शिकवतात, म्हणून पहिली-दुसरीत एखादं मूल गोष्टी वाचतं आणि शेजारच्याला ‘ए’ सुद्धा ठाऊक नसतो. एकच कागद दोघांना देऊ नका.

वर्गातल्या कोरियन शिक्षिकेला दुभाषी समजणं हीसुद्धा मोठी चूक. घरात भांडण झालंय, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे तिलाच माहीत असतं आणि पालकांशी तीच बोलते. खाऊ वाटायच्या आधी तिला विचारा.

कागदपत्रं

परदेशी इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीय पासपोर्टवर हॅगवॉनची नोकरी देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षकाची वाट आहे, पण त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजीचा शिक्षक परवानाही लागतो. ई-२ वर असताना बाजूने खासगी शिकवण्या घेणं बेकायदा आहे, ओळखीच्या घरी असली तरी. कोरियन मुलांना शिकवायचंच असेल तर पुण्यात रांजणगावसारख्या भागातल्या कोरियन कंपन्यांमुळे आलेली कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांनाही ‘फॅन’ आणि ‘पॅन’ तितकेच छळतात.